तंगुसाचे फेकजाळे: धुणे, वाळवणे आणि जपून ठेवणे

नवखा माणूस फेकजाळे विकत घेतो तेव्हा त्याचे सगळे लक्ष ते पाण्यावर गोल कसे उघडेल याकडे असते आणि ते साहजिकही आहे, कारण पहिले काही दिवस जाळे केळीच्या घडासारखे एकाच जागी धपकन पडते. परंतु जाळे फेकायला महिनाभरात जमते. ते दोन-तीन हंगाम टिकवणे मात्र अनेकांना वर्षानुवर्षे जमत नाही. कारण जाळ्याचे बहुतेक नुकसान काठावर मासे पिशवीत भरून झाल्यावर, घरी निघण्याच्या घाईत आणि पुढची फेरी येईपर्यंत ते जिथे पडून असते तिथे होते. हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे.

तापी, गिरणा, पांझरा, अनेर यांच्या डोहांत, हतनूर किंवा वाघूर धरणाच्या फुगवट्यावर, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बंधाऱ्यांवर अथवा स्वतःच्या शेततळ्यात हौसेने वा जोडधंदा म्हणून फेकजाळे वापरू लागलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. धरणांवरील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा तिथे जाळे टाकण्याआधी संबंधित संस्थेची परवानगी घ्यावी, एवढे सांगून मुख्य विषयाकडे वळतो.

जाळ्याची ओळख

ज्याला कोकणात पाग म्हणतात तेच हे फेकजाळे. वरच्या टोकाला शेंडा असतो, शेंड्याला हातदोरी बांधलेली असते, शेंड्यापासून खाली जाळे पसरत जाते आणि तळाच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या जाळ्यांत हा घेर आतल्या बाजूस दुमडून ठराविक अंतरावर बांधलेला असतो, त्यामुळे आतून खिशांची एक माळच तयार होते. मासा वर निसटू पाहतो आणि याच खिशात अडकतो. हे खिसे लक्षात ठेवावेत, कारण स्वच्छतेच्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडेच होते. जाळ्याच्या एका चौकटीला आस म्हणतात. ज्या एकेरी, पारदर्शक नायलॉनच्या धाग्याने जाळे विणलेले असते तो तंगूस. अनेक बारीक तंतू पिळून केलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचीही जाळी मिळतात, पण त्यांचा स्वभाव थोडा वेगळा असतो. येथील विवेचन तंगुसाच्या जाळ्यापुरते आहे.

उन्हाबद्दल आधी

पायऱ्यांकडे जाण्यापूर्वी एका समजुतीचा निकाल लावणे आवश्यक आहे. जाळे धुतल्यावर कडक उन्हात वाळवावे, असे गावातील कोणीही जुना माणूस सांगेल. ज्या काळात हा सल्ला तयार झाला त्या काळात तो अगदी बरोबर होता. तेव्हाची जाळी सुताची किंवा तागाची असत. ओल राहिली की जिवाणू त्या धाग्यातील तंतू खाऊन टाकत आणि जाळे अक्षरशः कुजत असे. म्हणून लोक ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत आणि उन्हात खडखडीत वाळवत. नायलॉनचा शोध 1935 साली लागला आणि पुढे जाळ्यांचा धागाच बदलला. नायलॉन कुजत नाही. ओलीत आठवडाभर राहिले तरी त्याला वास येईल, पण त्याची ताकद तेवढ्याने जाणार नाही. त्याचा खरा शत्रू म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. हे किरण नायलॉनच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडत जातात आणि धागा दिसायला तसाच राहून आतून ठिसूळ होतो. तंगूस जितका बारीक तितका हा परिणाम लवकर जाणवतो, कारण किरण वरच्या थरावर काम करतात आणि बारीक धाग्यात वरच्या थराखाली उरतेच किती?

सुताच्या जाळ्याला जे औषध होते ते तंगुसाला विष ठरते. जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत आभाळात ढगाचा तुकडा दिसत नाही, त्या खानदेशात हा फरक अधिकच महत्त्वाचा आहे.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. माझे पहिले जाळे मी पडवीच्या पत्र्याखाली, पण दक्षिणेकडच्या उघड्या बाजूला खिळ्याला टांगून ठेवले होते. सावलीत आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दुपारी बारापासून चारपर्यंत ऊन थेट त्याच्यावर येत असे. पाऊस पडून गिरणेला पाणी आले, मी जाळे घेऊन गेलो, ते सुंदर गोल पडले, आणि ओढायला लागलो तेव्हा हातात शेंडा व वरचा हातभर भाग तेवढा आला. शिसे आणि उरलेले जाळे डोहाच्या तळाशी राहिले. बरोबर आलेले आप्पा, ज्यांचे सारे आयुष्य नदीकाठी गेले आहे, त्यांनी हातातल्या तुकड्याचा एक धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जरासा ताणला. वाळलेली शेवई मोडावी तसा ‘टिक्’ असा आवाज झाला. ते काही बोलले नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

काठावरची पहिली धुलाई

जाळे स्वच्छ करण्याची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी घरी पोचण्यापूर्वीच उरकावी लागते. शेवटची फेक झाल्यावर मासे काढून घ्यावेत, त्यानंतर शेंडा हातात धरून जाळे गुडघाभर स्वच्छ पाण्यात आठ-दहा वेळा खाली-वर करावे. आपटू नये, बादलीतला चहाचा गाळणा जसा हलकेच विसळतात तसे करावे. वर उचलताना जाळे मिटते व पाणी खाली धावते, खाली सोडताना ते उघडते, आणि या मिटण्या-उघडण्यातच निम्मी माती निघून जाते.

ही पायरी काठावरच का करावी, याचे कारण आपल्या मातीत आहे. तापीचा गाळ काळा, अतिशय बारीक आणि चिकट असतो. ओला असताना तो दोन मिनिटांत सुटतो. वाळला की प्रत्येक गाठीभोवती घट्ट आवळून बसतो आणि मग त्याला सोडवताना गाठीही घासल्या जातात. गिरणेच्या पात्रात अडचण वेगळी असते. तिथली वाळू चिकटत नाही, पण तिचे कण कठीण आणि धारदार असतात. ते गाठींत राहिले तर जाळे प्रत्येक वेळी घडी होताना आणि खेचले जाताना आतून कानस लावल्यासारखे झिजते. शेततळ्यात माती कमी आणि शेवाळ फार. शेवाळाचे हिरवे तंतू वाळले की कागदासारखे चिकटतात, म्हणून तेही ओले असतानाच हाताने निपटून काढावे.

विसळून झाल्यावर खिसे उलटावेत. काठावर एखादा स्वच्छ दगड किंवा ताडपत्रीचा तुकडा पाहून बसावे, घेर मांडीवर घ्यावा आणि एक-एक हात घेर पुढे सरकवत प्रत्येक खिशात बोट घालून आतले बाहेर काढावे. गोगलगाई, खडे, पालापाचोळा, बोटाएवढ्या चिलापीची एखाद-दुसरी पिले, कुजलेली काडी, हे सारे तिथेच असते. एक जरी मासा खिशात राहिला तरी दुसऱ्या दिवशी घरभर समजते आणि तिसऱ्या दिवशी उंदरांनाही समजते. पूर्ण घेर फिरायला पाच-सात मिनिटे लागतात. मला हा भाग कंटाळवाणा वाटत नाही. दिवसभराच्या कामात हाच एक भाग बसून करायचा असतो.

काटे आणि काड्या

धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या वेड्या बाभळी हा आपल्याकडचा खास त्रास आहे. जाळ्यात अडकलेली काटेरी फांदी मागे ओढून काढण्याचा मोह होतो, आणि नेमके तसे केले की एका काट्यामागे तीन आस तुटतात. काटा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने पुढे ढकलावा. त्यासाठी आधी आजूबाजूचे जाळे सैल करून घ्यावे, फांदी लांब असल्यास पक्कडने तिचे दोन-तीन तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र सोडवावा.

माशांच्या बाबतीतही हेच लागू पडते. शिंगटीच्या छातीजवळच्या दोन्ही काट्यांना करवतीसारखे दाते असतात, त्यामुळे ती जाळ्यात फिरली की काट्याभोवती धागे गुंडाळले जातात. अशा वेळी मासा ओढत बसण्यापेक्षा काट्याचे टोक पक्कडने मोडावे. शिंगटीचा काटा हाताला लागला तर फार ठणकतो, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे. चिलापीच्या पाठीवरील पर टोकदार असतो. तिला डोक्याच्या बाजूने पुढे काढावे, म्हणजे पर आपोआप मिटतो. गुंता झालाच तर चाकू शेवटी हाती घ्यावा. कापलेला आस पुन्हा विणता येतो हे खरे, पण विणायला लागणारा वेळ कापायला लागलेल्या वेळाच्या शंभरपट असतो.

घरची धुलाई

घरी आल्यावर जाळे त्याच दिवशी धुवावे. रात्र झाली असेल तर निदान पाण्याने भरलेल्या टबात बुडवून ठेवावे. ओले जाळे पिशवीत कोंबून सकाळपर्यंत तसेच ठेवणे ही सर्वांत वाईट गोष्ट होय. टब किंवा घमेले या कामासाठी वेगळे ठेवावे. याला दोन कारणे आहेत. शिशाच्या मण्यांवर कालांतराने पांढरी भुकटी येते आणि ती विषारी असते, त्यामुळे ज्यात जाळे धुतले ते भांडे पिण्याच्या पाण्याला, धान्याला अथवा भाजीला वापरू नये. उलट बाजूने पाहता, कपाशीच्या भागात फवारणीचे रिकामे डबे व बादल्या घरोघरी असतात; त्यांपैकी कशातही जाळे भिजवू नये. कीटकनाशकाचा अंश जाळ्यावाटे तळ्यात आणि माशावाटे ताटात येण्याची शक्यता घेण्यासारखी नाही.

टबात साधे थंड किंवा हात सहज बुडेल इतके कोमट पाणी घ्यावे. कढत पाण्याने तंगूस आकसतो, आणि सगळीकडे सारखा आकसत नाही, त्यामुळे जाळ्याचा घाट बिघडतो. अर्धा तास भिजवावे, हाताने हलकेच घोळावे, पाणी गढूळ झाले की बदलावे. गढूळपणा जाईपर्यंत दोन किंवा तीन पाणी पुरेसे होतात. माशांचा चिकटपणा फारच राहिला असेल तर भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे काही थेंब पाण्यात टाकावेत आणि नंतर फेस उरणार नाही इतके स्वच्छ खंगाळावे. नेहमीच्या धुलाईला साबणाची गरज नसते.

काय वापरू नये हे मात्र ठळकपणे सांगायला हवे. ब्लीचिंग पावडर व इतर क्लोरिनयुक्त द्रव्ये नायलॉनला दुबळे करतात. संडास धुण्याच्या आम्लामुळे नायलॉन आणि शिसे या दोहोंवर घातक परिणाम होतो. बॅटरीतले आम्ल तर धाग्याचा भुगा करते, म्हणून गाडीच्या किंवा पंपाच्या बॅटरीशेजारी जाळे टेकवूनही ठेवू नये. वास जावा म्हणून काही जण काळे फिनाईल टाकतात. त्यातील फिनॉलच्या जातीची द्रव्ये नायलॉनला मानवत नाहीत, शिवाय त्या वासाचे जाळे पुन्हा पाण्यात टाकणे माशांच्याही हिताचे नाही. जाळे दगडावर धोपटू नये, पिळू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. एका ओळखीच्या गृहस्थांनी ते कपडे धुण्याच्या यंत्रात घातले होते; जाळ्याचे काय झाले ते सांगण्याची गरज नाही, पण यंत्राचा ड्रम शिशाने खणाणत होता आणि घरात पुढे चार दिवस शांतता नव्हती.

शिसे हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्याआधी तंबाखू मळू नये किंवा काही खाऊ नये. सुटा पडलेला मणी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गोठ्यात वा चाऱ्यात तर नाहीच नाही.

पांढरेपणा: क्षार की झीज?

धुऊन वाळवलेले जाळे कधी कधी पांढरट दिसते आणि नवखा माणूस घाबरतो. हा पांढरेपणा दोन प्रकारचा असतो आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यातील क्षार पाणी उडून गेल्यावर धाग्यावर राहतात, जसे ते बादलीच्या काठावर किंवा चहाच्या पातेल्यात राहतात. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धागा धरून ओढला तर ही पांढरी पूड बोटाला लागते आणि खालचा तंगूस पुन्हा चकचकीत दिसतो. अशा जाळ्याला काही झालेले नसते. शेवटचे खंगाळणे नदीच्या नितळ पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने केले की प्रश्न मिटतो. क्षार घालवण्यासाठी लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर वापरू नये, कारण आंबट पदार्थ शिशाशी भिडतात.

दुसरा पांढरेपणा उन्हाचा. तो पुसून जात नाही. धागा बोटांना खरखरीत लागतो, त्यावरची चमक गेलेली असते, आणि नखाने घासल्यास बारीक कुसे निघतात. खात्री करायची असेल तर शेंड्याजवळच्या एका धाग्याची गाठ मारून ती ओढावी. चांगला तंगूस गाठीवर ताण घेतो आणि बोटाला रुतल्यावर तुटतो, तर उन्हाने खाल्लेला तंगूस गाठ घट्ट होण्यापूर्वीच तुटतो. शेंडा आणि वरचा भाग आधी पाहावा, कारण टांगलेल्या जाळ्यात ऊन तिथेच जास्त लागते.

वाळवणे

धुतलेले जाळे शेंड्याला धरून उचलावे आणि पाणी निथळू द्यावे. मग सावलीत, पण वारा खेळता असेल अशा जागी, आडव्या बांबूवर किंवा लाकडी दांडीवर पसरून टाकावे. कडुनिंबाखालची सावली, उत्तरेकडची ओसरी, गोठ्यापासून दूर असलेली पडवी, यांपैकी काहीही चालेल. लोखंडी तार टाळावी. गंजाचे डाग पडतात आणि तारेच्या टोकात आस अडकतात. पत्र्यावर कधीही पसरू नये. वरून ऊन आणि खालून तापलेला पत्रा, अशा दुहेरी तव्यावर जाळे भाजून निघते. काटेरी कुंपणावर पसरलेले जाळे काढताना काय होते ते एकदा ज्याने अनुभवले तो पुन्हा तसे करत नाही.

उन्हाळ्यात सावलीतही जाळे तास-दोन तासांत वाळते. त्यात घाई करण्यासारखे काही नसतेच. पावसाळ्यात मात्र पूर्ण दिवस लागू शकतो, आणि खिशांच्या दुमडीत व शिशाच्या दोरीत ओल शेवटपर्यंत राहते; म्हणून हात फिरवून पाहायचा तो तिथे. घेराची दोरी ओली असेल तर जाळे ओलेच समजावे. हातदोरी सुती असेल तर तिच्यासाठी वेगळा न्याय आहे: ती कुजते, म्हणून ती सोडून उन्हात टाकली तरी चालते.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाळे नेणार असाल तर वाळवण्याला आणखी एक अर्थ येतो. ओल्या जाळ्याबरोबर शेवाळ, पाणवनस्पतींचे तुकडे आणि माशांवरील परजीवींची अंडी प्रवास करतात. शेजाऱ्याच्या शेततळ्यात रोहू-कटला वाढत असताना आपल्या ओल्या जाळ्याने तिथे उवा नेऊन सोडणे शेजारधर्माला धरून नाही. मधे दोन-तीन दिवस जाळे पूर्ण कोरडे राहू द्यावे.

नवे जाळे कारखान्यातून येते तेव्हा ताठ असते आणि त्याच्यात घड्यांची आठवण राहिलेली असते. ते मऊ करण्यासाठी कपडे मुलायम करणारे द्रव बादलीभर पाण्यात झाकणभर टाकून त्यात रात्रभर भिजवण्याची पद्धत अलीकडे दिसते. याने जाळे थोडे सुटसुटीत होते हे खरे; पण माझ्या मते पहिल्या वेळेपुरते ठीक, दर फेरीनंतर त्याची गरज नाही. साध्या पाण्यात रात्रभर भिजवून पाच-सहा फेका केल्या तरी बहुतेक ताठपणा जातो. ते द्रव वापरलेच तर जाळे खंगाळून घ्यावे आणि ते पाणी विहिरीत वा नदीत सोडू नये.

तपासणी आणि लहान दुरुस्ती

जाळे कोरडे झाल्यावर ते शेंड्याला टांगून उजेडाकडे धरून पाहावे; तुटलेले आस लगेच दिसतात. एक-दोन आस तुटले असतील तर त्याच दिवशी बांधावेत. भोक लहान असतानाच ते हाताळण्यासारखे असते. पुढच्या फेकेला त्यात बोट जाईल, त्यापुढच्या फेकेला मासा जाईल. दुरुस्तीचा तंगूस मूळ जाळ्याएवढ्याच जाडीचा घ्यावा. जाड धागा अधिक मजबूत, म्हणून अधिक चांगला, हा गैरसमज आहे. जाड धाग्याची गाठ शेजारच्या बारीक धाग्याला कापते.

जाळ्याची साधी गाठ तंगुसावर घसरते, म्हणून दुहेरी वेढा घ्यावा आणि गाठ आवळण्यापूर्वी धागा पाण्याने किंवा थुंकीने ओला करावा. कोरडा धागा आवळताना घर्षणाने तापतो आणि गाठीपाशीच कमजोर होतो. उरलेले टोक तीन-चार मिलिमीटर ठेवून कापावे. ते काडीने जाळून गोळी करू नये, कारण शेजारचा आस त्याबरोबर वितळतो. याच कारणाने जाळ्याजवळ बिडी ओढणाऱ्यास थोडे लांब बसवावे. ठिणगी पडली की धागा क्षणात तुटतो. मोठे फाटलेले असेल तर तुटके धागे कापत जाऊन भोकाला नीट कडा करून घ्यावी लागते आणि मग सुईने विणत यावे लागते. हे काम लेख वाचून येत नाही. भोईवाड्यात जाऊन एखाद्या जाणत्याशेजारी बसावे. चहा न्यावा.

शिशाचे मणीही मोजावेत. एखादा मणी गळाला किंवा घेराची दोरी दोन मण्यांमध्ये झिजून लोंबू लागली तर त्या जागी जाळे तळाशी टेकत नाही आणि मासे नेमके तिथून निघून जातात. नवख्याला वाटते की फेक चुकली.

ठेवण्याची जागा

जाळे पूर्ण कोरडे झाल्यावरच ठेवावे. माझा अनुभव असा की, भाजीच्या व्यापाऱ्यांकडे मिळणारे छिद्रांचे प्लास्टिकचे क्रेट यासाठी उत्तम असते. तळाला शिशाचा घेर गोल वेटोळे करून ठेवावा, त्यावर जाळे सैल सोडत जावे, सर्वांत वर शेंडा आणि गुंडाळलेली हातदोरी. दाबून भरू नये, घट्ट घडी करू नये; तंगूस जसा ठेवला तसा वळण धरतो आणि पुढच्या वेळी फेकताना ते वळण आडवे येते. पावसाळ्यात छिद्रांतून हवा जाते, हा या क्रेटचा आणखी एक फायदा.

टांगून ठेवायचे असेल तर शेंडा लाकडी खुंटीला अडकवावा आणि घेर खाली टोपलीत टेकवावा. तीन-चार किलो शिसे महिनोन्महिने शेंड्यावर लोंबत राहिले तर वरचे आस ताणून लांबट होतात.

खोली अंधारी असावी. खिडकीतून येणारा प्रकाशही वर्षभर पडत राहिला तर काम करतो, म्हणून क्रेटवर जुने सुती कापड किंवा गोणपाट टाकावे. खताची रिकामी गोणी वापरायची असल्यास आधी धुऊन घ्यावी. धान्याच्या कोठीशेजारी शिसे ठेवू नये. उंदीर तंगूस खात नाहीत, ते माशाच्या वासासाठी तो कुरतडतात. नीट धुतलेल्या जाळ्याला उंदरांचा उपद्रव फार कमी होतो, न धुतलेल्याला मात्र कडुनिंबाचा पालाही वाचवत नाही. झाकणाची पत्र्याची कोठी उंदरांपासून खात्रीची, पण आत ओल राहिली तर वास कोंडतो आणि शिशावर पांढरी भुकटी लवकर चढते.

चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की नायलॉनमधला नेहमीचा ओलावाही निघून जातो आणि धागा ताठ, काहीसा कडक लागतो. नायलॉन पाण्यात ठेवले तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी शोषू शकते आणि तेव्हा ते लवचीक होते. म्हणून बरेच दिवस ठेवलेले जाळे बाहेर काढल्यावर थेट फेकू नये. काठावर दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजू द्यावे, मग एक-दोन सावकाश फेका कराव्यात आणि त्यानंतर जोर लावावा. आप्पा एवढे एकच अहिराणीत सांगत असत, ‘आधी वल्लं कर, मंग फेक.’

जाळे संपल्यावर

काळजी घेतली तरी तंगूस कायमचा नसतो. शेंड्याजवळचे धागे गाठीच्या परीक्षेत उतरेनासे झाले की ठिगळे लावत बसण्यात अर्थ नाही. असे जाळे नदीत सोडू नये. ते वर्षानुवर्षे कुजत नाही आणि त्यात मासे, कासवे, पाणपक्षी अडकून मरत राहतात. उकिरड्यावर टाकले तर गुरांच्या पोटात जाते. जाळूही नये, कारण जळणाऱ्या नायलॉनच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. जुन्या जाळ्याची वरची जाळी कात्रीने हातभर तुकड्यांत कापून कचऱ्यात द्यावी, म्हणजे तिच्यात काही अडकणार नाही. घेराची दोरी मात्र शाबूत असते, आणि शिसे कधी संपत नाही. ते मणी घरच्या चुलीवर वितळवण्याचा उद्योग करू नये. दोरीसकट सोडवून, धुऊन, नव्या जाळ्याच्या घेराला ओवून घ्यावेत. बाजारात शिशाशिवाय नुसती विणलेली जाळी स्वस्त मिळते, आणि ओवण्याचे काम एका संध्याकाळचे असते.